लाल खिडकीतला सात

बाबांच्या कॅमेऱ्याला पाठीमागे एक लाल खिडकी आहे. खिडकी म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी काच. आतल्या फिल्मच्या पाठीला कागद चिकटलेला असतो, त्या कागदावर आकडे छापलेले असतात आणि आपण कितव्या फोटोवर आहोत ते त्या काचेतून दिसतं. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा तो कॅमेरा कपाटातून काढला, तेव्हा खिडकीत सात दिसत होता. एका रोलवर बारा फोटो येतात. म्हणजे बाबांनी रोल मध्येच सोडला होता. भेटायला येणारे लोक सांगत होते की त्यांनी आयुष्यात एकही काम अर्धवट टाकलं नाही. हे सांगताना ते गॅलरीच्या अर्ध्याच रंगवलेल्या ग्रिलसमोर बसलेले असत. पण अशा वेळी ग्रिलकडे कुणी बघत नाही.

“त्यातला शेवटचा मी काढलाय,” आई म्हणाली. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती.

“तू?”

“का? मला बोटं नाहीत?”

“कशाचा काढलास?”

“ह्यांचा. दुसरं कोण होतं घरात?”

मी कॅमेरा अलगद टेबलावर ठेवला. आमच्या घरात फोटोंचे अल्बम आहेत, खोके आहेत, एक जुनी सुटकेस आहे, आणि त्या सगळ्यांत मिळून बाबांचा धड एक फोटो नाही. फोटो काढणारा माणूस फोटोत येत नाही, त्याला कोण काय करणार? काही फोटोंत त्यांची सावली आमच्या पायाशी येऊन पडलेली आहे. एकात कोपऱ्यात अंगठा आहे, आणि तो त्यांचाच आहे अशी आईची खात्री आहे. भिंतीवर लावायला फोटो हवा झाला, तेव्हा आम्ही ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. ओळखपत्रावरचा फोटो हा पहारेकऱ्याला संशय यावा या हेतूनेच काढलेला असतो. तो मोठा केला की संशयही मोठा होतो. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोरून जाताना म्हणायची, “हा माणूस आपल्याकडे काहीतरी तपासायला आलाय असं वाटतं.”

“तुझ्या फोटोत आलेत का ते नीट?” मी विचारलं.

“ते मला काय माहीत? इथं गॅलरीत उभे राहिले. वरून बघायचं म्हणाले, त्या चौकोनात. मी बघितलं तर सगळं उलटंच. मी डावीकडे वळवला की हे उजवीकडे पळायचे. चांगले दोन-तीनदा पळाले. मग ओरडायला लागले. मग मी दाबून टाकलं.”

“पण त्यात होते ना?”

“धुतल्याशिवाय कसं कळणार?” आई म्हणाली आणि शेवटच्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

झालं. रोल धुवायचा, स्कॅन करायचा आणि त्या तपासनीसाला भिंतीवरून उतरवायचं, एवढंच काम. मी एका विमा कंपनीत दावे विभागाची प्रमुख आहे. पूर आले, आगी लागल्या, एकदा एका गोदामावर विमानाचं चाक पडलं; सगळं मी निस्तरलेलं आहे. एक रोल मला जड जाईल असं मला वाटलं नाही.

रोल आहे तसा काढता आला असता. पण रोल पूर्ण झाल्याशिवाय कॅमेऱ्याबाहेर काढायचा नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना कायदा. मी लहान असताना या कायद्यापायी एका सहलीचे फोटो आम्ही पुढच्या सहलीनंतर बघितले होते. म्हणून आता मी इंटरनेटवर दोन-चार व्हिडिओ बघून घेतले. त्यांतले सगळे दाढीवाले एकमुखाने सांगत होते की फोटो काढला की लगेच गोल बटण फिरवून फिल्म पुढे न्यायची आणि पुढच्या फोटोसाठी तयार राहायचं. खिडकीत सात आहे, म्हणजे सहा काढून झालेत आणि सातवा कोरा आहे. सहा उरले. उजेड हवा म्हणून गच्चीवर जायचं ठरवलं आणि तिथे पहिला अडथळा आला: गच्चीची किल्ली किल्लेदारांकडे असते.

किल्लेदार तळमजल्यावर राहतात. गच्ची, मीटरची खोली, पाण्याची टाकी, जुन्या सायकलींची खोली या सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात, म्हणून त्यांना सगळेच मनातल्या मनात किल्लेदार म्हणतात. बाबा मोठ्याने म्हणायचे. बाबांनी एकदा फोटोंसाठी गच्चीची किल्ली मागितली होती. किल्लेदार म्हणाले, अर्ज द्या. बाबांनी अर्ज दिला. किल्लेदार म्हणाले, कारण लिहिलं नाही. बाबांनी कारण लिहिलं: ‘आकाश’. अर्ज फेटाळला गेला आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलायचे थांबले. काही सांगायचंच झालं तर दोघंही सूचना फलकावर लिहायचे. त्यातलं अक्षर बघून आम्हाला त्या दिवशी कोण जास्त चिडलंय ते कळायचं.

मी किल्ली मागितली तर किल्लेदारांनी अर्ज मागितला नाही. कारणही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “मी येतो वर. कठडा जरा बुटका आहे.”

“काका, मी फोटो काढायला चाललेय.”

“हो हो. काढ ना. मी आपला उभा राहतो.”

वर गेल्यावर ते माझ्या आणि कठड्याच्या मधोमध उभे राहिले आणि मी जिकडे सरकेन तिकडे सरकू लागले. शेवटी मी कॅमेरा खाली घेतला.

“माझाच काढतेस की काय?” ते म्हणाले. “नको, नको. बरं, काढ. थांब. टाकीसमोर काढ. नवीन रंग दिलाय.”

टाकीला काळा रंग दिलेला होता. किल्लेदार तिच्यासमोर सावधान उभे राहिले, किल्ल्या हातात, ओठ घट्ट मिटलेले, जणू काही विचारलं तरी ते गच्चीचा पत्ता सांगणार नाहीत. मी फोटो काढला. मग बटण फिरवून उरलेले पाच काढले: कबुतरं, समोरच्या वहिनी आणि त्यांच्या चादरी, डोळे मिटलेली आई, डोळे उघडले आहेत असं सांगून परत मिटलेली आई आणि माझ्या स्वतःच्या चपला. चपला ठरवून काढल्या नव्हत्या.

रोल गुंडाळून मी कुरिअरच्या कचेरीत गेले. फिल्म धुणारी प्रयोगशाळा आता दुसऱ्या गावात होती.

“आत काय आहे?” खिडकीतल्या माणसाने विचारलं.

“फोटोचा रोल. धुवायला पाठवायचाय.”

“किंमत?”

“त्याला किंमत अशी नाही.”

“मग शून्य टाकतो.” त्याने शून्य टाकलं. यंत्राने ते घेतलं नाही. “शून्य किमतीचा माल पुढे जात नाही, मॅडम.”

“मग काहीही टाका.”

“काहीही कसं टाकू? हरवलं तर तेवढीच भरपाई मिळते.”

माझ्या मागे रांग होती. हा प्रश्न मी ऑफिसात दिवसभर लोकांना विचारते, आणि लोक गप्प झाले की मला वाटतं त्यांच्याकडे पावती नसेल. मी गप्प झाले. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “हे एक्स-रे मशीनमधून जाणार का?”

“सगळंच जातं. तुमची चप्पल पाठवलीत तर तीसुद्धा जाईल.”

एक्स-रेने न धुतलेली फिल्म खराब होऊ शकते. मी पाकीट परत घेतलं. मागचे गृहस्थ म्हणाले, “अहो, शंभर टाकून मोकळं व्हायचं.” त्यांना काय माहीत, पाकिटात कोण होतं ते.

आता घरीच धुवायचं. बातमी समोरच्या वहिनींकडे गेली, म्हणजे सगळीकडे गेली. वहिनी आल्या, त्यांनी रोल हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाल्या, “मोबाईलला लावून बघितलास का? हल्ली सगळं मोबाईलला लागतं.” त्यांच्या बहिणीच्या जावेने जुन्या कॅसेटी असंच काहीतरी लावून घेतल्या होत्या. “आणि धुवायचंच तर कोमट पाणी घे. रंग जात नाही.”

रसायनं मागवली. दोन बाटल्या आल्या. एकीने चित्र उमटतं, दुसरीने ते टिकतं. त्या बाटल्या त्याच कुरिअरने विनातक्रार आणून दिल्या. उग्र वासाची रसायनं त्यांना चालत होती. बाबा चालत नव्हते. राहिला फिल्म धुवायचा डबा. बाबांकडे तो असायचा, हे मला पक्कं आठवत होतं. सगळं घर पालथं घातल्यावर तो गॅलरीत सापडला.

“आई, हा फिल्मचा डबा आहे.”

“चिमट्यांचा आहे तो.”

“त्याच्या आत चकती असते, तिच्यावर फिल्म गुंडाळायची असते.”

“असेल. पण कित्येक वर्षं तो चिमट्यांचा आहे. ह्यांनी स्वतः दिलाय मला. चिमटे कुठे ठेवू मग?”

चिमटे एका पातेल्यात गेले. चकती शिवणाच्या सामानात सापडली. तिच्यावर लेस गुंडाळलेली होती आणि ती इतकी व्यवस्थित बसली होती की सोडवताना मला वाईट वाटलं.

ही चकती हे सगळ्या प्रकरणातलं मर्म. पूर्ण अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने फिल्म तिच्या खाचांत सरकवायची आणि डब्याचं झाकण लावायचं. झाकण लागलं की मग उजेड चालतो. त्याआधी एक तिरीप जरी आली, तरी सगळं संपलं. एका वाया गेलेल्या रोलवर मी डोळे मिटून सराव केला. आमच्या न्हाणीघराला वर झरोका आहे, स्वयंपाकघराला दार नाही, आणि दिवाणाखाली जाऊन बघितलं तर तिथेही चांगलं वर्तमानपत्र वाचता येत होतं. संपूर्ण अंधार असलेली जागा घरात एकच निघाली: बाबांचं कपडे टांगायचं कपाट.

तेव्हा भर दुपारी, जेवण झाल्यावर, मी गुडघे पोटाशी घेऊन त्या कपाटात बसले. मांडीवर डबा, चकती, कात्री आणि रोल. डोक्यावर बाबांचे शर्ट. माझ्या एका सहीवर लोकांची घरं पुन्हा उभी राहतात, याची मी स्वतःला आठवण करून दिली. आईने दार लावलं आणि फटींवरून रजई दाबून बसवली.

“मधूनमधून श्वास घे,” ती बाहेरून म्हणाली.

रुंद फिल्म सरावाच्या वेळी शहाण्यासारखी वागली होती. आता ती माझ्या बोटांत गुंडाळी करून बसली. मी तिला खाचेत घालायची, ती अर्धी आत जायची आणि सुटायची. घाम आला. शर्टाची एक बाही सारखी माझ्या कानाशी येत होती. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास होता, ज्याचा विचार करायला मला त्या वेळी सवड नव्हती.

दाराची बेल वाजली. समोरच्या वहिनींचा आवाज आला.

“ही कुठेय?”

“कपाटात आहे,” आई म्हणाली. आई खोटं बोलत नाही, आणि जास्तीचंही बोलत नाही.

मग पावलं जवळ आली, आणि वहिनी रजईला तोंड लावून अगदी हलक्या आवाजात बोलू लागल्या.

“बाळ? आहेस ना गं?”

“आहे, वहिनी. थोडा वेळ लागेल.”

“लागू दे. लागू दे गं. लागतोच वेळ.”

“हात गुंतलेत, म्हणून.”

“मन गुंतलं की हात गुंततातच. मी तर म्हणतच होते यांना, ही रडत कशी नाही? आली त्या दिवसापासून कागदपत्रं करतेय, बँकेत जातेय, पडदे धुतेय. असं आत साठवलं की माणूस...” इथे त्यांना माणूस काय करतो ते सांगता येईना. “माणूस कपाटात बसतो.”

मी म्हणणार होते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पण कपाटातून असं म्हणणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? शिवाय त्याच क्षणी फिल्मचं टोक खाचेत बसलं होतं. मी काहीच बोलले नाही, आणि ते न बोलणंच भोवलं. वहिनी धावत बाहेर गेल्या. जिन्यात त्यांचा आवाज घुमला. थोड्याच वेळात कपाटाबाहेर बरीच पावलं जमली आणि किल्ल्यांचा आवाज आला.

“आतून कडी आहे का?” किल्लेदार.

“कपाटाला आतून कडी कशी असेल?” दुसरं कोणीतरी.

“हवा किती असेल हो आत?”

“काका, उघडू नका!” मी ओरडले. फिल्म अर्धी चकतीवर होती, अर्धी माझ्या हनुवटीखाली. “प्लीज, कुणी उघडू नका!”

“बघा, उघडू नका म्हणतेय,” वहिनी रडवेल्या झाल्या. “उघडा! आत्ताच उघडा!”

रजई ओढली गेल्याचं मला जाणवलं. दाराच्या खालच्या फटीत करड्या उजेडाची एक रेघ उमटली. मी डबा पोटाशी घेतला आणि त्याच्यावर वाकले. आणि मग आईचा आवाज आला. आई कधी ओरडत नाही. बाबा दोघांच्या वाटचं ओरडायचे.

“खबरदार कुणी हात लावला तर! आत हे आहेत!”

बाहेर चिटपाखरू नसल्यासारखं झालं. दारावर धप्पकन काहीतरी टेकलं. ती आईची पाठ होती. रेघ नाहीशी झाली. त्या शांततेत मी उरलेली फिल्म सरकवत गेले आणि ती शेवटपर्यंत विनातक्रार गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डांबराच्या गोळ्या फार उग्र असतात.

झाकण लावून मी दार ढकललं. आई बाजूला झाली. समोर अर्धी इमारत उभी होती आणि ती आता माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती. मी डबा हातात घेऊन उभी, खांद्यावर बाबांच्या शर्टाची बाही.

“झालं,” मी म्हणाले.

काय झालं, असं कुणीही विचारलं नाही. किल्लेदारांनी चष्मा काढून पुसला. वहिनी म्हणाल्या, “मी चहा टाकते,” आणि आमच्या स्वयंपाकघरात जाऊन आमच्याच साखरेचा शोध घेऊ लागल्या.

धुण्याचं काम त्यामानाने सरळ होतं. पाणी ठरावीक थंड लागतं आणि घरातला थर्मामीटर ताप आल्याशिवाय काम सुरू करत नाही, तेव्हा बर्फ घालून कोपर बुडवून अंदाज घेतला. पहिलं रसायन, दुसरं रसायन, मधूनमधून डबा उलटा करायचा. आई घड्याळ घेऊन स्टुलावर. मग शेवटी भरपूर वाहत्या पाण्यात धुवायचं. मी नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला आणि तो बंद झाला.

आई गॅलरीतून ओरडली. त्या दिवशी तिला ते जमायला लागलं होतं. किल्लेदारांनी टाकी धुवायला पाणी बंद केलं होतं. सूचना फलकावर लावली होती म्हणे. एरवी त्यांनी ती सूचना मला वाचून दाखवली असती. पण दुपारच्या प्रकारानंतर सगळी इमारत आमच्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तशी वागत होती. ते स्वतः दोन बादल्या घेऊन जिना चढून आले.

“एवढ्याने भागेल?” न्हाणीघराच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं. “नाही भागलं तर काय होतं?”

“रसायन राहिलं तर काही वर्षांनी डाग पडतात, काका. चेहरा जातो.”

ते खाली गेले. आणखी दोन बादल्या घेऊन आले. मग आणखी दोन.

ओली फिल्म मी न्हाणीघरातल्या दिव्यासमोर धरली. सगळं उलटं: काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. पण बाराही चौकोन होते. पहिल्या चौकोनात पावसाळी बुटांचा जोड. मग खिडकीतली बाटली. मग तीन चौकोन एकाच गोष्टीचे होते, ते मला ओळखायला वेळ लागला: गच्चीच्या दाराचं कुलूप, बाहेरून, तीन वेगवेगळ्या उजेडांत. सहाव्यात झोपलेलं मांजर. आणि सातव्यात नुसती गिचमीड.

“सहाव्यात तू काढलेले बाबा हवेत,” मी म्हणाले. “तिथे मांजर आहे.”

“मांजर आधी काढलं. मग मी ह्यांचा काढला.”

“आई, बाबा बटण कधी फिरवायचे? फोटो काढून झाल्यावर ना?”

“छे. पुढचा काढायच्या आधी. काढून झाला की तसाच ठेवायचे. आधी फिरवून ठेवलं तर फिल्म वाकते म्हणायचे. मला तेवढ्यावरून किती बोलले आहेत!”

म्हणजे खिडकीतला सात कोरा नव्हता. सातवा काढून झालेला होता. आणि मी, दाढीवाल्यांचं ऐकून, न फिरवता त्याच्यावरच आणखी एक फोटो काढला होता.

“म्हणजे काय झालं?” आईने विचारलं.

“म्हणजे बाबांच्या फोटोवर दुसरा फोटो छापला गेला.”

“कुणाचा?”

“किल्लेदारांचा.”

आई स्टुलावरून उठली, परत बसली. “अख्ख्या जगात तुला तोच एक माणूस सापडला?”

फिल्म वाळेपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. मी तिला बाजूबाजूने बघत होते. ती भिंतीवरच्या तपासनीसाकडे बघत नव्हती, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

गिचमीडीच्या खाली बाबा होते की नाही, हे स्कॅन केल्याशिवाय कळणार नव्हतं. ऑफिसातला स्कॅनर करारपत्रं वाचतो. त्याने मला एक अतिशय स्पष्ट काळी पट्टी काढून दिली. फिल्मला पाठीमागून उजेड लागतो. मग तो कुठे मिळणार, यावर जिन्यात चर्चा झाली. माझा टॅब्लेट, वहिनींची काचेची टीपॉय आणि एक टॉर्च एवढं सगळं फुकट गेल्यावर किल्लेदार म्हणाले, “माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे आहे की. एक्स-रे बघायची पेटी. मला तसंही जायचंय.”

असे आम्ही तिघं हाडांच्या दवाखान्यात गेलो. टेबलामागे कंपाउंडर होता.

“केसपेपर काढल्याशिवाय पेटीवर काही लावता येत नाही,” तो म्हणाला. “पेशंट कोण?”

“पेशंट नाही. माझ्या बाबांचा फोटो आहे.”

“बाबांचं वय?”

मी सांगितलं. सांगताना लक्षात आलं की ते आता वाढणार नाही.

“आणलंय का त्यांना?”

“हो,” आई म्हणाली आणि माझ्या हातातल्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

“तक्रार काय?”

“दिसत नाहीत,” आई म्हणाली.

त्याने लिहून घेतलं: ‘दिसत नाही.’ मग म्हणाला, “डोळ्यांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर.”

हे बोलणं ऐकून डॉक्टर स्वतःच बाहेर आले. किल्लेदारांनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते मी विचारलं नाही. डॉक्टरांनी एका पेशंटच्या कंबरेचा एक्स-रे पेटीवरून काढला आणि जागा करून दिली. पांढऱ्या उजेडावर मी फिल्म ठेवली. डॉक्टर सवयीने वाकून म्हणाले, “हाड कुठे मोडलेलं नाही.”

“केस किती काळे दिसतायत,” आई पुटपुटली. म्हणजे तिला काहीतरी दिसलं होतं. पांढरे केस फिल्मवर काळे दिसतात.

मी मोबाईलने सातव्या चौकोनाचा फोटो घेतला आणि काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं.

किल्लेदार मधोमध होते, सावधान, किल्ल्यांसह. त्यांच्या मागचं आभाळ भगभगीत पांढरं झालं होतं. तिथे जे काही असेल ते गेलं होतं. पण टाकी काळी होती, आणि काळ्यावर पहिला फोटो शाबूत राहतो. टाकीवर बाबा होते. किल्लेदारांपेक्षा चांगले तिप्पट मोठे, चौकोनाच्या बाहेर निम्मे गेलेले. एक कान नव्हता, एक खांदा नव्हता. शर्टाचं वरचं बटण उघडं. एक हात वर, आणि तोंड उघडं. किल्लेदार त्यांच्या छातीतून उगवल्यासारखे उभे होते. ओळखपत्रावरच्या माणसाशी या माणसाचा काही संबंध नव्हता. हा माणूस माझ्या ओळखीचा होता. हा आता खोलीत येऊन विचारणार होता, की दिवा कुणी चालू ठेवला.

“काय म्हणतायत ते, आई?”

“‘अगं इकडे, इकडे.’ आणि हात बघ कुठे दाखवतायत.” हात चौकोनाच्या बाहेर दाखवत होता.

मला हसू आलं. छोटंसंच आलं होतं, पण ते थांबेना. मी बाकावर बसले, पेशंटांच्या मधे, आणि हसत राहिले. कंबरेच्या एक्स-रेवाले बाजूला सरकले. मग ते हसू नव्हतं. कंपाउंडरने केसपेपर बाजूला ठेवून मला पाणी दिलं, आणि आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “श्वास घे मधूनमधून.”

किल्लेदार मोबाईल हातात घेऊन पेटीच्या उजेडात उभे होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी खालच्या आवाजात आईला विचारलं, “वहिनी, मी मधे येतोय का?”

“येताय,” आई म्हणाली. “पण असू द्या.”

फ्रेम करायला आम्ही दोघी गेलो. फ्रेमवाल्याने फोटो टेबलावर ठेवला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला. म्हणाला, “दोन फोटो चिकटलेत वाटतं. एकाला पुसून देऊ? कॉम्प्युटरवर पटकन होतं.”

“पुसायचं नाही कुणाला,” आई म्हणाली.

“मग बाजूची पट्टी कापावी लागेल. मधे नेमकं कुणाला घेऊ?”

आईने फोटोवर वाकून बघितलं.

“बोलतायत ना,” ती म्हणाली, “त्यांना.”